४७ एफ/१५ : एका नकाशाचं परीक्षण

पुण्याच्या इतिहासावरची पुस्तकं मोजायला बसलं तर कपाट पुरणार नाही. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत जमीन मात्र नसते. पेशवे असतात, वाडे असतात, पेठा असतात, लढायांच्या तारखा असतात. पण पाणी कुठून येतं, कुठली वाट कुठल्या खिंडीतून जाते आणि ती तिथूनच का जाते, हे सांगणारी पानं थोडीच. ही उणीव भरून काढणारा एक मजकूर आहे, त्याला लेखक नाही, आणि तो कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात मांडला जात नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं शीट क्रमांक ४७ एफ/१५. एरवी पुस्तकाचं परीक्षण होतं, तसं इथे या एका कागदाचं करायचं आहे.

अकरावी-बारावीला भूगोल घेतलेल्यांना 'स्थलनिर्देशक नकाशा' हा शब्द आठवेल. प्रात्यक्षिकाच्या मार्कांपुरता तो अभ्यासायचा, चिन्हं आणि खुणा पाठ करायच्या आणि परीक्षा झाली की विसरायचा. ट्रेकर मंडळी त्यालाच टोपोशीट म्हणतात. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश. आपल्या भागात याचा अर्थ साधारण २६ किलोमीटर रुंद आणि साडेसत्तावीस किलोमीटर उंच असा चौकोन, सुमारे सव्वासातशे चौरस किलोमीटर जमीन.

आकड्यांचं गणितही सोपं आहे. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा तुकडा. त्याचे सोळा भाग, ए ते पी. त्यातल्या एफचे पुन्हा सोळा भाग. मोजणी वरून खाली, एकेका स्तंभाने. १८ अंश १५ मिनिटं ते १८ अंश ३० मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ४५ मिनिटं ते ७४ अंश पूर्व, या चौकोनाला नाव मिळालं ४७ एफ/१५. नव्या ओपन सिरीजमध्ये क्रमांकांची पद्धत बदलली आहे, पण डोंगरात फिरणाऱ्यांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत.

चौकोनाला इतिहास कळत नाही

या शीटची पहिली गंमत त्याच्या कडांवरच आहे. १८ अंश ३० मिनिटांची रेषा पर्वती-स्वारगेटच्या परिसरातून जाते. त्यामुळे कसबा, शनिवार, बुधवार या जुन्या पेठा वरच्या ४७ एफ/१४ वर राहतात आणि पर्वतीची टेकडी कशीबशी १५ वर येते. पश्चिमेची कड त्याहून खट्याळ. सिंहगड ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेषेला इतका खेटून आहे की शीट उघडल्यावर गड डाव्या समासाला चिकटलेला दिसतो. राजगड ४७ एफ/१२ वर आणि तोरणा ४७ एफ/११ वर. इतिहासाच्या पुस्तकात हे तीन किल्ले एका वाक्यात येतात, नकाशात ते तीन वेगळ्या कागदांवर आहेत.

हा दोष आहे का? माझ्या मते दोष आहे, आणि उपयोगी दोष आहे. चौकोन आखणाऱ्याला मावळ, देशमुखी किंवा स्वराज्य यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला अख्खा देश सारख्या तुकड्यांत कापायचा होता. त्यामुळे या कागदावर कुणीही नायक नाही. सिंहगडाला जेवढी शाई मिळते तेवढीच शेजारच्या बिननावाच्या सोंडेला मिळते. आपलं बहुतेक दुर्गलेखन नेमकं उलट करतं. गडावर प्रकाश टाकतं आणि भोवतालचा डोंगर अंधारात ठेवतं. 'निसर्गाच्या कुशीत वसलेला' एवढ्यावर सगळा भूगोल संपतो. टोपोशीटला असं एखादं विशेषण लावून मोकळं होता येत नाही. त्याला प्रत्येक वीस मीटरला उत्तर द्यावं लागतं.

तपकिरी ओळी

हे वीस मीटर म्हणजे समोच्चरेषा. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी तपकिरी रेषा, आणि पुढची रेषा वीस मीटर वर किंवा खाली. रेषा जवळजवळ आल्या की चढ अंगावर येणारा, लांब गेल्या की सपाटी. रेषांचा व्ही चढाच्या दिशेने टोक काढत असेल तर ती घळ, उताराच्या दिशेने असेल तर सोंड. दोन बाजूंना उंच आणि दोन बाजूंना उतरतं असं कमरेसारखं आकुंचन दिसलं की ती खिंड. वाचायला शिकायचं व्याकरण जवळपास एवढंच.

पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या किंचित वर. म्हणजे शहरातून गडावर जाताना तुम्ही सुमारे ३७ रेषा ओलांडता. पण त्या सारख्या अंतरावर नसतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, म्हणून त्याची चढण पायऱ्यापायऱ्यांची. या खडकाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला आहे. नकाशावर हे स्पष्ट दिसतं. रेषांचा दाट पुंजका म्हणजे कडा, मग मोकळी जागा, पुन्हा पुंजका. त्या मोकळ्या जागेला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे, माची. वरच्या पुंजक्याच्या आतला चिमुकला बंद आकार म्हणजे बालेकिल्ला. किल्ला कुणी बांधला याआधी डोंगराने त्याचा आराखडा काढून ठेवला होता, हे शंभर पानं वाचून जेवढं पटत नाही तेवढं या रेषांकडे पाच मिनिटं पाहून पटतं.

याच शीटच्या आग्नेय कोपऱ्यात पुरंदर आहे. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी त्याला वेढा घातला, एप्रिलमध्ये शेजारचा वज्रगड पडला आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. मुघलांनी आधी ठेंगण्या वज्रगडाच्या मागे का लागावं, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात पडत नाही. नकाशात पडतो, आणि सुटतोही. पुरंदर आणि वज्रगड यांच्यामध्ये भैरवखिंड आहे. दोन्ही बाजूंच्या रेषा तिथे जवळ येऊन चिमटल्यासारख्या झाल्या आहेत. इतर बाजूंनी पुरंदरावर जायचं तर दाट पुंजके चढावे लागतात. वज्रगडावर तोफ चढवली की समोर पुरंदराची माची येते, आणि बालेकिल्ला त्याहून वर असूनही माची गेली की गडाचा जीव गेला. मुरारबाजींचं शौर्य याने तसूभर कमी होत नाही. उलट ते कुठल्या अडचणीत उभे होते हे कळतं, आणि शौर्य वाचताना ती अडचण कळायला हवी.

कात्रजचा घाट, खरा आणि म्हणीतला

या शीटच्या मध्यावर पूर्व-पश्चिम पसरलेली एक डोंगररांग आहे. पश्चिमेला सिंहगड, मग कात्रज, पुढे दिवेघाटाकडे आणि भुलेश्वराकडे. पुण्यातली तरुण मंडळी तिला 'के टू एस' म्हणून ओळखतात. कात्रज ते सिंहगड, शक्यतो पौर्णिमेच्या रात्री, टेकड्या मोजत. त्या रात्रीचे शेकडो रील्स सापडतील. आपण नेमके कशावरून चालतो आहोत हे सांगणारा रील मात्र मी पाहिलेला नाही.

ही रांग पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी मुठेला मिळतं, मुळा-मुठा होऊन भीमेत जातं. दक्षिणेला पडलेलं शिवगंगेत, तिथून गुंजवणीत आणि नीरेत. नीरा शेवटी भीमेलाच मिळते, पण कुठे? इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला. म्हणजे रात्री धारेवर उभं राहून तुम्ही बाटलीतलं पाणी दोन्ही बाजूंना ओतलंत, तर ते दोन थेंब जिल्हा ओलांडून पार दुसऱ्या टोकाला भेटतील. ४७ एफ/१५ वर हे थेट लिहिलेलं नाही. ओढ्यांच्या रेषा कुठल्या बाजूला उतरतात ते बोटाने बघत गेलं की समजतं. या वाचनात निष्कर्ष वाचकालाच काढावा लागतो, आणि मला ते त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

आता म्हण. कुणाला फसवून दुसरीकडे पाठवलं की आपण म्हणतो, 'कात्रजचा घाट दाखवला'. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला. आख्यायिका अशी की बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या बाजूला सोडले, मुघल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. ४७ एफ/१४ आणि १५ एकाखाली एक जोडा आणि कसब्यापासून कात्रजच्या घाटमाथ्यावर पट्टी ठेवा. मधे घाटमाथ्याइतकं उंच काहीही नाही. रांगेवरचा उजेड शहरातून दिसू शकतो. सिंहगड त्याच रांगेवर, पण सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर पश्चिमेला. नजर दक्षिणेकडे अडकवायची आणि माणसं नैर्ऋत्येला न्यायची, ही कल्पना जमिनीला धरून आहे.

इथे समीक्षकाने थांबायला हवं, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच कुणी थांबत नाही. नकाशा 'हे होऊ शकलं असतं' एवढंच सांगतो, 'हे झालं' असं सांगत नाही. त्यासाठी कागदपत्रं लागतात. हल्ली उपग्रहचित्रावर बाण काढून अमुक वाटेनेच अमुक सैन्य गेलं असं ठासून सांगणाऱ्या पोस्ट फिरतात. जमीन साक्षीदार आहे, पण ती शक्यतांची साक्षीदार आहे. अशक्य गोष्ट खोडायला तिचा उपयोग जास्त.

निळं, काळं आणि पिवळं

जुन्या छापील शीटवर बारमाही पाणी निळं असतं आणि पावसापुरता वाहणारा ओढा काळा. शेती पिवळी, झाडी हिरवी, वस्ती आणि रस्ते लाल. यातली काळी रेषा सगळ्यात दुर्लक्षित आणि आज सगळ्यात महागात पडणारी.

आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरात उगम, ४७ एफ/१५ वरून उत्तरेला वाहत शहरात शिरतो आणि वरच्या शीटवर मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून नळाने शहरात पाणी आणलं, आणि पर्वतीच्या पायथ्याचं तळंही याच ओढ्याच्या पाण्यावर झालं. म्हणजे हा ओढा एकेकाळी शहराच्या नियोजनाच्या मध्यभागी होता. पुढे तो नाला झाला, मग गटार, मग भिंतीमागची काहीतरी वास येणारी जागा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो पुन्हा ओढा झाला. सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सगळे विचारत होते, एवढं पाणी आलं कुठून? उत्तर या शीटच्या रेषांमध्ये कित्येक दशकं छापलेलं होतं. कात्रजच्या उतारावरच्या सगळ्या काळ्या रेषा जिथे एकत्र येतात, तिथून.

दुसरं उदाहरण याच रांगेच्या दक्षिण उतारावरचं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडल्यामुळे पाण्याची वाट बदलली, लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. शिंदेवाडीही याच कागदावर आहे.

आणि १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्याच्या पाण्याने खडकवासला फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ गेला. खडकवासला ४७ एफ/१५ वर, पानशेत शेजारच्या ४७ एफ/११ वर, पूर आला तो ४७ एफ/१४ वर. तीन कागद शेजारीशेजारी मांडले नाहीत तर ही गोष्ट कळतच नाही. मी मघाशी म्हटलं की चौकोन हा उपयोगी दोष आहे, तो या अर्थाने. तो आपल्याला शेजारचा कागद मागायला लावतो.

कागदात काय नाही

एवढं कौतुक झाल्यावर हिशेबही मांडायला हवा.

पहिली गोष्ट, हा कागद निरागस नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची सुरुवात १७६७ ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. मुलूख मोजायचा तो राज्य करण्यासाठी, फौज हलवण्यासाठी. तोच हेतू पुढे गोपनीयतेत उतरला. समुद्रकिनारा आणि सीमेलगतच्या पट्ट्यातली शीट्स सामान्य माणसाला मिळणं दुरापास्त होतं. २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या आणि जनतेच्या मालिकेतून संवेदनशील ठिकाणं वगळली. २०१७ पासून ओपन सिरीजची शीट्स पीडीएफ स्वरूपात मोफत मिळू लागली. ज्या जमिनीवर आपण राहतो तिचा नकाशा मिळायला एवढी वर्षं लागली, याची चीड कुठल्या मराठी लेखनात फारशी उमटलेली नाही.

दुसरी गोष्ट, भाषा. आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक शीट्सवर गावांची नावं रोमन लिपीत आहेत, आणि रोमन लिपीत 'ळ' नाही. मावळ, वेळवंड, धायरीजवळची एखादी माळवाडी, सगळ्यांचा 'ल' होतो. मग तीच रोमन नावं फोनवरच्या नकाशात यंत्राने परत देवनागरीत येतात आणि गावाच्या वेशीवर उभं राहून गावाचंच नाव चुकीचं वाचायची वेळ येते. नाव हा स्थानिक इतिहासाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना दस्तऐवज असतो. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. जोडीतलं कुठलं गाव आधीचं आणि कुठलं नंतर फुटलेलं, याचा तो पहिला धागा. आज हे धागे बसस्टॉपच्या पाट्यांवर उरलेत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. जुन्या शीटवर त्यांच्याभोवती पिवळा रंग आहे. तो पिवळा रंग पाहिल्यावर 'प्राइम लोकेशन' हा शब्द वेगळा ऐकू येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टोपोशीट उंची दाखवतं, मालकी दाखवत नाही. मालकी दाखवणारा कागद वेगळा, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा. त्यात गट आहेत, बांध आहेत, शिव आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये याच जिल्ह्यात इंदापूरला जी महसुली मोजणीची पद्धत बसवली, तिची ही परंपरा. पण गाव नकाशात समोच्चरेषा नाही. कड्याखालचा गट आणि सपाटीवरचा गट त्यात सारखेच दिसतात. एका कागदाला जमिनीचा चढ माहीत, दुसऱ्याला धनी माहीत, आणि दोघांची गाठ पडत नाही. डोंगर-उतारावर प्लॉट पडतात ते या फटीत. विकणारा गाव नकाशा दाखवतो, घेणारा सातबारा बघतो आणि काळी रेषा कुणीच बघत नाही.

चौथी गोष्ट, वीस मीटरच्या आतलं जग. दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरचा कडा मावतो आणि दिसतही नाही. ज्यांनी नुसत्या नकाशावर भरवसा ठेवून घळ उतरायला घेतली आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. नाळेची वाट पावसाळ्यात चालते का, टाक्यात मार्चनंतर पाणी राहतं का, धनगराचा वाडा यंदा कुठे आहे, हे वाडीतल्या आजोबांनाच विचारावं लागतं. शीटवर देवळाचं चिन्ह असतं, देव कोणता ते नसतं. मोजणी करताना वाटा, ओढे, नावं स्थानिकांनीच सांगितली असणार. टेबल आणि साखळ्या खलाशांनीच डोंगरावर वाहून नेल्या. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव समासात नाही.

मग फोन का पुरत नाही?

फोनवरचा नकाशा वाईट नाही. पण तो प्रश्नाचं उत्तर देतो, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, 'मी तिथे कसा पोचू?' त्याच्या मध्यभागी कायम तुम्ही असता, निळा ठिपका बनून. जग त्या ठिपक्याभोवती फिरतं, आणि त्यात तुमच्या गरजेची दुकानं ठळक होतात. ४७ एफ/१५ वर तुम्ही नसताच. स्वतःला शोधावं लागतं. ही खिंड, तो ओढा, समोरची सोंड, म्हणजे मी इथे. या शोधण्यात आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिची ओळख होते.

शिवाय कागदाला वय असतं. समासात मोजणीचं वर्ष छापलेलं असतं. फोनचा नकाशा कायम 'आत्ता'चा असतो, कालचं पुसून टाकलेलं असतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. फोनवर एक दिवस नुसतंच नवं नाव दिसेल. जुन्या शीटवर वेल्हे राहील, आणि दोन्ही कागद समोर ठेवणाऱ्यालाच बदल दिसेल. नाव बदलणं बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण वाद घालायलाही आधी काय होतं ते माहीत लागतं.

शिफारस

हा कागद कुणी वाचावा? किल्ल्यांवर जाणाऱ्यांनी वाचावाच. इतिहासावर लिहिणाऱ्यांनी तर लिहिण्याआधी वाचावा. पण सगळ्यात आधी वाचावा तो पुण्याच्या दक्षिणेला भाड्याने राहणाऱ्या किंवा पहिला फ्लॅट बघणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींनी. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवा. फोनच्या पडद्यावर खऱ्या प्रमाणात जेमतेम तीन किलोमीटर रुंदीची जमीन मावते, म्हणून जमलं तर मोठ्या कागदावर छापून घ्या. आपली इमारत जिथे आहे तो ठिपका शोधा. त्याच्या सगळ्यात जवळची काळी रेषा कुठून येते ते बोटाने उलट चढत बघा, डोंगरापर्यंत. मग खाली उतरत बघा, नदीपर्यंत.

वाटेत ती रेषा तुमच्या पार्किंगमधून जात असेल, तर हा कागद तुमच्यासाठी पुस्तकांपेक्षा महत्त्वाचा आहे. जात नसेल, तर वरच्या बाजूला कुणाच्या पार्किंगमधून जाते ते बघा आणि त्यांनाही दाखवा.